लाल पेशीत दडलेल्या औषधासाठी: केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

माझ्या मुलीला सहाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला. उपचारांत ॲस्पॅराजिनेज या एन्झाइमची इंजेक्शने होती. पहिली तिने सोसली. नंतरच्या एकाने अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, औषध थांबवावे लागले. "दुसरे आहे, मिळाले की देऊ," असे डॉक्टर म्हणाले. अर्विनिया जिवाणूपासून बनणाऱ्या त्या पर्यायाचा जगभरच वारंवार तुटवडा पडतो. मुलगी आज शाळेत जाते, पण वाट पाहण्याचे ते दिवस विसरता येत नाहीत.

म्हणून हे पत्र.

ॲस्पॅराजिनेज हेच एन्झाइम फ्रान्सच्या एरिटेक कंपनीने रक्तदात्याच्या लाल पेशींत भरले होते. पेशी कमी क्षाराच्या द्रावणात ठेवली की फुगते, तिच्या आवरणाला बारीक छिद्रे पडतात, औषध आत शिरते; क्षार पूर्ववत केले की छिद्रे मिटतात. मग ती पेशी रक्तात फिरत राहते. कर्करोगाच्या पेशींना लागणारे ॲस्पॅराजिन तिच्या आवरणातून आत येते आणि तिथेच संपते. शरीराच्या प्रतिपिंडांना मात्र आतल्या एन्झाइमपर्यंत पोचता येत नाही. माझ्या मुलीला नेमके एवढेच हवे होते!

ॲस्पॅराजिनेजची ॲलर्जी झालेल्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) रुग्णांवर उत्तर युरोपात याची चाचणी झाली. बहुतेकांच्या रक्तात एन्झाइम पुरेसे टिकले. पण 2021 मध्ये याच औषधाची स्वादुपिंडाच्या कर्करोगावरची मोठी चाचणी अपयशी ठरली, आणि पुढे कंपनीने ल्युकेमियासाठीच्या मंजुरीचा नादही सोडला. एका आजारात औषध हरले म्हणून दुसऱ्या आजारातली मुले त्याला मुकली, हे मला पटत नाही. ॲलर्जी झालेली मुले मोजकी, त्यात कंपनीला नफा नाही. म्हणूनच हे काम सरकारचे आहे.

आपल्याकडे हे होऊ शकते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या कार-टी या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराला 2023 मध्ये मंजुरी मिळाली. त्यात रुग्णाच्या पेशी बाहेर काढून, बदलून परत देणे हे लाल पेशीत औषध भरण्याहून सोपे नव्हते. लाल पेशींचा अभ्यास करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था परळला केईएमच्या आवारातच आहे. या तिघांना एकत्र बसवा, लाल पेशीत औषध भरणारे एक सार्वजनिक केंद्र मुंबईत उभारायला निधी द्या, आणि पहिली चाचणी ॲस्पॅराजिनेज न सोसणाऱ्या मुलांसाठी ठेवा.

आपला,
एक पालक, पुणे