रेल्वे नाही, बस

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी "रेल्वेचं रिझर्व्हेशन झालं का?" असं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी आईच्या गुडघ्याची चौकशी केली. बोलताना जमत नाही म्हणून लिहिते आहे. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरल्यावर, क्रूझचं जहाज पकडायला साउदॅम्प्टन बंदराला तुम्ही बसने जाणार आहात. तिकिटं काढून झाली आहेत. मी न्यायला नसणार, हेही आहेच. त्या दोन दिवसांची ड्यूटी बदलून मिळाली नाही. बाबा, तुमचा चेहरा मला मँचेस्टरहून दिसतोय. पण आधी पूर्ण वाचा, मग रागवा.

पैसे वाचवायला बस घेतलेली नाही, हे पहिलं. हीथ्रोहून साउदॅम्प्टनला थेट रेल्वेच नाही. एक मार्ग लंडन शहरातून जातो: एलिझाबेथ लाइनच्या लोकलने बाँड स्ट्रीट, तिथून ज्युबिली लाइनच्या मेट्रोने वॉटर्लू स्टेशन, आणि वॉटर्लूहून साउदॅम्प्टनची गाडी. म्हणजे जायचं नैर्ऋत्येला आणि त्यासाठी आधी पूर्वेला शहराच्या पोटात शिरायचं. दुसरा मार्ग रेडिंगवरून. विमानतळावरून रेडिंग स्टेशनपर्यंत रेलएअरची बस आणि पुढे रेल्वे. थोडक्यात, रेल्वे गाठायलासुद्धा आधी बसच. सगळं वेळेवर जुळलं तर दोन-सव्वादोन तास, आणि थेट बसलाही साधारण तेवढेच लागतात.

वेळ सारखाच म्हटल्यावर मी नग मोजायला बसले. प्रत्येक स्टेशनावर "एकूण नग किती?" विचारणाऱ्या माणसाची मुलगी आहे मी. फक्त नग किती, याऐवजी एकेक नग किती वेळा उचलावा लागेल ते मोजलं. रेडिंगमार्गे गेलात तर बॅग बसच्या पोटात जाणार, तिथून निघणार, लिफ्टने फलाटावर, फलाटावरून डब्यात, डब्यात दाराजवळच्या रॅकवर, रॅकवरून खाली, डब्यातून फलाटावर, मग टॅक्सीत. दोन मोठ्या बॅगा धरल्या तर डझनावारी उचलाउचल झाली, आणि मधल्या स्टेशनांवर गाडी एखाद-दोन मिनिटंच थांबते. रॅक आधीच भरलेला असेल तर बॅग दोन सीटांच्या मधे पायात घेऊन बसायचं. थेट बसमध्ये बॅग एकदा पोटात जाते आणि एकदा बाहेर येते, तेही ड्रायव्हरच्या हातून. हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर काय म्हणाले होते ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. मिरजेला काय झालं तेही लिहीत नाही.

बाबा, तुम्ही मुंबईच्या बॅलार्ड पिअरची गोष्ट सांगता ना, बोटीतून उतरलेली माणसं धक्क्यावरच फ्रंटिअर मेलमध्ये बसायची? साउदॅम्प्टनलाही तसंच होतं. वॉटर्लूहून बोटीला जोडून निघालेली गाडी थेट धक्क्यावरच्या ओशन टर्मिनलच्या फलाटावर लागायची. ती इमारत १९५० साली सुरू झाली आणि १९८३ साली पाडली. आज त्याच नावाचं टर्मिनल आहे ते वेगळं. आता रोजची गाडी धक्क्यापर्यंत जात नाही. स्टेशनपासून टर्मिनल दीड ते तीन किलोमीटर लांब, म्हणजे शेवटी टॅक्सी करायचीच. रेल्वे अजून जहाजाच्या पायथ्याशी नेत असती, तर मी तुमच्याशी एका शब्दाने वाद घातला नसता.

बसचा दोष मला ठाऊक आहे. शुक्रवारी दुपारी एम २५ आणि एम ३ हे दोन्ही मोठे रस्ते तुंबतात आणि दोन तासांचे साडेतीन होऊ शकतात. म्हणूनच जहाज शनिवारी असताना मी तुम्हाला शुक्रवारी पोचवते आहे. वाटेत कितीही वेळ गेला तरी उशीर होईल तो फक्त जेवायला. बस की रेल्वे यापेक्षाही मोठा निर्णय हाच होता. आपापल्या वाहनाने येणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही. तास-दीड तास आधीच चेक-इन बंद होतं, कारण प्रवाशांची अंतिम यादी सुटण्यापूर्वी द्यायची असते. मग पुढच्या बंदरावर गाठायचं, आणि तुमचं पुढचं बंदर नॉर्वेत आहे. क्रूझ कंपनीची स्वतःची बसही असते आणि ती रखडली तर कंपनी सांभाळून घेते, पण ती निघते जहाजाच्याच दिवशी. रात्रभर विमानात अवघडून लगेच जहाजाच्या रांगेत उभं राहायचं, हे आईला नको.

आता शुक्रवार. तिकिटावर टर्मिनल २ लिहिलंय. सामान घेऊन बाहेर आलात की "सेंट्रल बस स्टेशन" अशा पाट्यांमागे चालायचं. ते टर्मिनल २ आणि ३ च्या मधे आहे, भुयारी रस्त्याने, लिफ्टसकट. ट्रॉली घ्या. आई, "एवढंसं तर आहे" म्हणू नकोस, ते एवढंसं नाही, रमतगमत दहा मिनिटं आहेत. बस विमानानंतर तीन तासांनी आहे. इमिग्रेशनची रांग लांबली तरी पुरावं म्हणून. लवकर बाहेर पडलात तर तिथे बसायला बाकं आहेत, स्वच्छतागृह आहे, चहा मिळतो. कागदी पेल्यातला, दूध वेगळं दिलेला. आई, तो चहा आहे असं समजून पी. विमान फारच उशिरा आलं तर घाबरू नका, तिकीट बदलता येणारं घेतलंय, मला नुसतं कळवा.

बसमध्ये चढायच्या आधी दहा मिनिटं चालून घ्या, दोघांनीही. दहा तासांचं विमान आणि लगेच दोन तासांची बस, पाय सुजतात. बसमध्ये टॉयलेट असतं, पण ते फार चिंचोळं, आणि गाडी वळणावर असताना तिथे उभं राहणं आईला जमणार नाही. तेव्हा स्टेशनवरच जाऊन या. आईची ती पाण्याची गोळी प्रवासाच्या दिवशी कधी घ्यायची हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने गोळी टाळायची नाही. आई, हे वाक्य तुझ्यासाठी आहे.

पुढून दुसरी-तिसरी रांग पकडा, चढायला-उतरायला सोपं. पट्टा बांधायचा, इथे तो सक्तीचा आहे. शाल हातात असू दे, गार वारा नेमका मानेवर येतो. वाटेत दुसरा थांबा लागला आणि माणसं उतरायला लागली तर त्यांच्या मागे उठू नका. तुमचा थांबा "साउदॅम्प्टन कोच स्टेशन". चढतानाच ड्रायव्हरला नाव दाखवून ठेवा. (रेल्वेतही हाच घोळ होतो. साउदॅम्प्टन एअरपोर्ट पार्कवे नावाचं स्टेशन साउदॅम्प्टन सेंट्रल या मुख्य स्टेशनाच्या आधी लागतं आणि "साउदॅम्प्टन" ऐकून लोक बॅगांसकट तिथेच उतरतात.)

वजनाचं नीट ऐका, कारण इथेच अडतं. विमानाला २३ किलोची बॅग चालते, बसला २० किलोची. त्याहून जड झाली तर ड्रायव्हर घ्यायला नकार देऊ शकतो. म्हणून भरतानाच प्रत्येक बॅग १९ च्या आत ठेवा. तो हिरवा होल्डॉल आणायचा नाही. चाकं नसलेलं काहीही आणायचं नाही.

हॉटेल बसस्थानकाच्या अगदी जवळ आहे. लिफ्ट आहे, अंघोळीला टब नाही तर शॉवर आहे, मी विचारून घेतलं. खोलीत पाणी तापवायची किटली असते, तेव्हा आईचा सकाळचा पहिला चहा चुकणार नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत आणायला बाबांनी जाऊ नये. रात्री नऊला झोपा. समुद्र बघायला बाहेर पडू नका, समुद्र पुढे आठवडाभर आहेच.

शनिवारी टॅक्सी हॉटेलच्या काउंटरवरून मागवा. तिथे टर्मिनलं पाच आहेत: सिटी, मेफ्लॉवर, ओशन, क्वीन एलिझाबेथ सेकंड आणि २०२१ मध्ये सुरू झालेलं होरायझन. त्यांचे दरवाजेही वेगळे; ओशनला गेट ४, सिटीला ८, मेफ्लॉवरला १०. कधी कधी जहाजाचं टर्मिनल आयत्या वेळी बदलतं, म्हणून आदल्या रात्री मी तपासून मेसेज करीन. ड्रायव्हरला टर्मिनल आणि जहाज, दोन्ही नावं सांगा. नुसतं "क्रूझ" म्हणून भागत नाही.

बोर्डिंग पासवर यायची वेळ छापलेली आहे. बाबा, त्या वेळेला जा, दोन तास आधी नाही. आधी गेलं तर उभं राहावं लागतं, बाकी काही पदरात पडत नाही. दाराशी हमाल मोठ्या बॅगा घेऊन जातील. त्या केबिनच्या दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होऊ शकते. तोवर लागणारं सगळं हातातल्या पिशवीत हवं: पासपोर्ट, पास, दोघांच्या दोन दिवसांच्या गोळ्या, चष्मे, एक बदलायचा कपडा. बॅगेची छापील लेबलं मी पाठवली आहेत, ती हॉटेलातच स्टेपल करून घ्या. विमानाआधी लावली तर फाटतात.

इस्त्री, किटली आणि ती पाण्यात बुडवायची कॉइल जहाजावर चालत नाही. आगीच्या भीतीने तपासणीत काढून ठेवतात आणि त्या बॅगेला उशीर होतो. चढल्यावर सुरक्षेची कवायत असते, ती चुकवायची नाही. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझची बोट बुडाली तेव्हा नुकत्याच चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. आई, यात भ्यायचं काही नाही. नियम कडक आहेत म्हणूनच मी निर्धास्त आहे.

परत येताना शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतील. दुसऱ्या सकाळचे कपडे आणि चपला आत ठेवा. दरवेळी कोणीतरी सगळं भरून टाकतं आणि सकाळी जहाजावरून रात्रीच्या कपड्यांत उतरतं. बाबा, मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही.

आणि त्या सकाळी मी टर्मिनलच्या बाहेर असेन. रजा मंजूर झाली आहे. तिथून साउदॅम्प्टन सेंट्रल आणि सेंट्रलहून थेट मँचेस्टर पिकॅडिली, रेल्वेने. चार तासांहून थोडा जास्त प्रवास, कुठेही बदलायचं नाही, वाटेत ऑक्सफर्ड आणि बर्मिंगहॅम. परतीला घाई नसते, एक गाडी चुकली तर पुढची, आणि बॅगा चढवायला मी असेन. टेबलाच्या सीटा राखून ठेवल्या आहेत, गाडीच्या तोंडाकडे बघणारी खिडकी बाबांची. लहानपणी ती मला द्यायचात, आणि कोळशाचा कण डोळ्यात गेला की पदराचं टोक फुंकून आई शेकायची. आता कोळसा नाही, खिडकी उघडतही नाही. तरी तुम्हीच बसा.

बॅगा भरून झाल्या की ताणकाट्यावर वजन करून दोन्ही आकडे मला कळवा. खरे आकडे.

तुमची,
चिऊ

ता. क. परदेशातून तूप-दूध-लोणी इथे आणता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. आई, तुपाची बरणी तू साडीत गुंडाळून तळाशी ठेवली असशील. ती काढ.