दुसऱ्या रिमोटवाल्यांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत पानभर बालपण वाचलं. कार्टून, सिनेमे, टीव्ही गेम, सगळं. लेख छानच आहे, हातातला चहा गार झाला. फक्त लेखात पंचवीसेक वेळा आलेले ‘आपण सगळे’ म्हणजे नक्की कोण, एवढं कळलं असतं तर बरं झालं असतं.

आधी किरकोळ दुरुस्त्या. मोगली कार्टून नेटवर्कवर नव्हता हो, दूरदर्शनवर होता. १९९३ साली, रविवारी सकाळी. मालिका जपानी, शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. कार्टून नेटवर्क भारतात आलंच १९९५ मध्ये, आणि आलं ते केबलवाल्यांच्या घरी. दुसरं, ‘मुस्तफा’ नावाचा गेम कॅपकॉम या कंपनीने कधी काढलेला नाही. गेमचं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, साल १९९३, आणि मुस्तफा हा त्यातल्या चार नायकांपैकी एक. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला गेल्यावर पाळण्याचे पैसे वाचवून मशीनमध्ये नाणं टाकणारे आम्हीही त्याला मुस्तफाच म्हणायचो. पण आम्ही पेपरात लिहीत नव्हतो.

हे सोडून देतो. माझं दुखणं वेगळं आहे.

लेखकाला मारिओचा चोररस्ता आठवतो, कॉन्ट्राच्या तीस लाइफ आठवतात. त्या मिळवायची बटणंही: वर वर, खाली खाली, डावं उजवं डावं उजवं, बी, ए. आठवणारच. ज्याच्या हातात गेमचा पहिला रिमोट होता त्याला सगळंच आठवतं.

साखर पेठेतल्या आमच्या वाड्यात बिऱ्हाडं सात आणि टीव्ही गेम एक. तो घरमालकांच्या मुलाचा. माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, त्यामुळे आपल्याकडे गेम कधी घ्यायचा हा प्रश्न घरात विचारायचाच नसतो, हे मला न सांगता कळलं होतं. नळ पहाटे यायचा. मालकांची दोन पिंपं मी भरून दिली की दुपारी मला एक डाव. आईला वाटायचं, पोरगं गुणी आहे, शेजाऱ्यांना मदत करतंय.

डाव म्हणजे काय, तेही सांगतो. त्या गेमच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं. सिलेक्टचंही नव्हतं. खेळ कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा, हे पहिल्याने ठरवायचं. आणि मारिओत तर दोघांनी एका वेळी खेळायची सोयच नाही. मारिओ मेला की मग लुईजीची पाळी. आता जो पोरगा दिवसातून सहा तास तेच खेळतो तो मरतो कशाला! १-२ मध्ये, म्हणजे पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात, छतावरून धावत जाऊन पाइपातून थेट चौथ्या जगात. मी शेजारी चटईवर, मांडीवर रिमोट घेऊन. “थांब बे, मरू दे की मला आधी.” तासाभराने एकदाचा मेला की मी सुरुवातीपासून, कारण लुईजी अजून १-१ लाच उभा. अंगठे आखडलेले, त्यात घाई. पहिल्याच तपकिरी भुताला धडकलो की संपलं. परत तो.

कॉन्ट्रात दोघं एकदम खेळतात, म्हणून मला कॉन्ट्रा आवडायचा. धबधबा येईपर्यंत. ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत आहे. तिथे पडदा वर सरकतो, आणि जो खाली राहील तो पडद्याबाहेर, म्हणजे मेलाच. तो पहिल्यापासून उड्या मारत वर. मी खालून ओरडतोय, “अरे थांब की!” पडद्याला ऐकू येत नाही, त्यालाही येत नव्हतं. माझ्या तीसच्या तीस लाइफ त्या धबधब्यात गेल्या. गोळी एकही लागली नाही.

पाण्याचाच विषय निघालाय तर विचारून घेतो. गेल्या आठवड्यात आमच्या भागात ठरलेल्या दिवशी पाणी आलंच नाही, दोन दिवसांनी आलं, तेही रात्री दीडला. आपण बातमी दिलीत, आभारी आहे. आतल्या पानावर चार ओळी. मारिओला अख्खं रंगीत पान. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरचं नाव आलं तेव्हा पेढे खाल्लेला मी माणूस आहे. तीस वर्षांपूर्वी लोकांची पिंपं भरत होतो, आता स्वतःची भरतो, तेवढी प्रगती झाली. असो.

लेखाच्या शेवटी लेखक सुचवतात की जुना गेम शोधा, घरच्या मोठ्या टीव्हीला जोडा आणि मुलांना बदकं मारायला शिकवा. साहेब, हे मी गेल्या दिवाळीत करून बसलोय. बदकं मारायची ती गेमची बंदूक नव्या सपाट टीव्हीवर चालत नाही. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. तो बंदुकीतल्या डोळ्याला त्याच क्षणी दिसला तरच नेम लागतो. हे सगळं जुन्या काचेच्या ट्यूबच्या टीव्हीसाठी जमवलेलं. नव्यात चित्र जरा उशिरा उमटतं, बस, खेळ खल्लास. माझ्या मुलाने गोळ्यांमागून गोळ्या झाडल्या, बदक निसटलं की खेळातला कुत्रा हसायचा, आणि मुलगा मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेला. लिहिण्याआधी एकदा जोडून बघायला काय हरकत होती?

पण त्या बंदुकीमुळेच एक गोष्ट आठवली, ती लिहितो आणि थांबतो. बंदूक लावायची तर दुसरा रिमोट काढून त्याच जागी लावावी लागायची. म्हणजे मला तेवढाही नाही. तो पहिल्या रिमोटने खेळ सुरू करायचा, रिमोट चटईवर टाकायचा आणि बंदूक घेऊन टीव्हीला नळी टेकवून बसायचा. एका दुपारी मी सहज तो पडलेला रिमोट उचलला आणि डावीकडचं बटण दाबलं. बदक डावीकडे वळलं. उजवीकडचं दाबलं, उजवीकडे वळलं. एका वेळी एकच बदक उडतं त्या खेळात ते बदक त्या रिमोटने वळवता येतं, हे त्याला माहीत नव्हतं. मी रिमोट हळूच मांडीखाली घेतला.

त्यानंतर वाडा सुटेपर्यंत त्याचा नेम बिघडलेला होता. बंदूक दोनदा दुरुस्तीला देऊन झाली, एकदा बदलूनही झाली. मालकीणबाईंनी दृष्टही काढली. मी काही बोललो नाही.

तो अजून सोलापुरातच आहे आणि आपलाच पेपर घेतो, असं ऐकून आहे. तेव्हा पत्राखाली माझं नाव छापू नये ही विनंती. त्याला कळायचं ते कळेलच.

आपला,
एक वाचक, सोलापूर