संमतीपत्रात मुलाचाही शब्द हवा

महोदय,
औषधाच्या चाचणीत मुलाला घ्यायचे असेल, तर पालकांच्या सहीबरोबर मुलाचाही होकार लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वयात तो तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी. तेच मूल टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेला आले, की कागदावर फक्त आईवडिलांची सही. मुलाला बऱ्याचदा ‘काही नाही रे, डॉक्टरकाका नुसतं बघणारेत’ अशी थाप मारून आत नेतात. मग पुढच्या वेळी ते दवाखान्याच्या पायरीवरच हटून बसले, तर नवल काय?

स्वतःविषयीच्या निर्णयांत मत मांडण्याचा मुलांचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या १२व्या कलमात आहे. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. अपेंडिक्स फुटायच्या बेतात असताना मुलाचा कौल घ्या, असे कुणी म्हणत नाही. पण टाइप-१ मधुमेहाच्या मुलाला इन्सुलिन कुठे टोचायचे, शाळेत कुणाकुणाला सांगायचे, हे तरी विचाराल की नाही? सुई रोज त्यालाच सोसायची असते.

सरकारी रुग्णालयांच्या संमतीपत्रात ‘मुलाला काय सांगितले’ आणि ‘त्याने काय विचारले’ अशा दोन ओळी आरोग्य विभागाने वाढवाव्यात. खर्च काय तो छपाईचा.

– एक पालक, सातारा