पिशवीवर नाव नसलेल्यांना

आमची लेक घरी आली तेव्हा अडीच वर्षांची होती. ‘थॅलेसेमिया मेजर’, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार, हे शब्द वाचूनच आम्ही दत्तकाच्या कागदांवर सही केली होती. नातेवाईक म्हणाले, दुखणं ठरवून कशाला आणता? सासूबाई ठाण्याच्या कौपिनेश्वर महादेवाला बेल वाहून आल्या आणि म्हणाल्या, “पोर आपली, तर दुखणंही आपलंच.”

तिला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. एक पिशवी उतरायला तीन-चार तास जातात. मी तिच्या उशाशी बसून पिशवी वाचते. गट, क्रमांक, तारीख. नाव नसतं. या लाल पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात. म्हणजे रक्तदात्यांनो, तुमच्यातलं कुणीतरी नुकतंच, बाही वर करून, तिच्यासाठी आडवं झालेलं असतं.

मे महिन्यात अर्धं ठाणं गावी जातं, शिबिरं कमी होतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. यंदा तर दोन दिवस पिशवीच मिळेना. तिचे ओठ पांढरे पडले, जिना चढवेना. तिसऱ्या दिवशी मिळाली. तारीख आदल्याच दिवशीची होती. भर उन्हात आलेल्या त्या माणसाला मी कधी ओळखणार नाही, पण त्या दिवशी मला देव दिसला, हे मनापासून सांगते.

रात्री उशी थोपटत तिला गोष्ट सांगणाऱ्या वॉर्डातल्या मावशी, तुमचेही आभार.

दिवेलागणीला शुभंकरोति झालं की लेक हात जोडूनच ठेवते आणि म्हणते, “देवा, रक्तवाल्या काका-मावशींना जेवायला दे.”