50 लाख डॉलरचं पत्र्याचं घर

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला फ्रेंच डिझायनर झाँ प्रूव्हेवरचा लेख वाचला. फोटो मस्त, पण अर्धा लेख लिलाव आणि कुणाच्या दिवाणखान्यात त्याची खुर्ची आहे यातच गेला, माणसाने केलं काय ते राहिलंच.

हा गडी मुळात लोहारकाम शिकलेला, आर्किटेक्टची डिग्री कधीच नव्हती. फ्रान्समधल्या नान्सीत लोखंडी गेटं-ग्रिलं करत वर आला आणि पातळ पत्र्याला घडी घालून ताकद कशी आणायची ते तिथेच शिकला. दुसऱ्या महायुद्धात नान्सीच्या आसपासच्या लॉरेन प्रांतातल्या ज्या लोकांची घरं गेली त्यांच्यासाठी त्याने 6 बाय 6 मीटरची सुटी करता येणारी घरं काढली. मग 1949 मध्ये नियामेला एक आणि 1951 मध्ये ब्राझाव्हिलला दोन, आफ्रिकेतल्या उन्हासाठी. एकही पार्ट 4 मीटरपेक्षा लांब नाही, 100 किलोपेक्षा जड नाही, म्हणजे दोन माणसांनी उचलायचा आणि जोडायचा. एप्रिलमधे भर दुपारी पत्र्याच्या खोलीत बसून बघा म्हणजे पुढचं कळेल: छप्पर दुहेरी, गरम हवा माथ्यावरून बाहेर, चारी बाजूंनी व्हरांडा आणि त्याला ॲल्युमिनियमच्या झडपा. आपल्याकडे आपत्तीनंतर शेड मारतात त्यावर अजूनही एकच पत्रा!

तरी घरं खपली नाहीत, कारण महाग पडली, आणि तिथल्या फ्रेंच साहेबलोकांना दिसायलाही आवडली नाहीत. लेखात हे ‘काळाच्या पुढे’ म्हणून उडवलंय, ते काही पटलं नाही, महाग घर म्हणजे महागच की.

माझ्या मते खरा घाव 1953 चा. ज्या ॲल्युमिनियम कंपनीने त्याच्या कारखान्यात पैसा घातला तिच्याशी पटेना आणि नान्सीजवळच्या माक्सेव्हिलचा तो कारखाना हातचा गेला. मशीनशेजारी उभं राहून डिझाइन करणारा माणूस, त्याला नुसतं ड्रॉइंग बोर्ड काय कामाचं. पुढच्या वर्षी कारखान्यातले उरलेसुरले पार्ट घेऊन घरच्यांना आणि मित्रांना हाताशी धरून नान्सीच्या चढावर स्वतःचं घर बांधलं. 1956 मध्ये बेघरांसाठी झटणाऱ्या आबे पियेर या फ्रेंच पाद्र्यासाठी केलेलं बेघरांचं घर पॅरिसला सीनच्या काठी 7 तासांत उभं केलं, पण सरकारी मंजुरी काही मिळाली नाही. आणि ब्राझाव्हिलचं एक घर 2007 मध्ये न्यूयॉर्कला लिलावात जवळपास 50 लाख डॉलरला गेलं.

हो, चंदीगड उभारणाऱ्यांपैकी एक आर्किटेक्ट पियेर जानरे युद्धकाळात याच्यासोबत काम करायचे, तेही लेखात नाही. पुढच्या वेळी किमतीच्या चौकटीऐवजी त्या दुहेरी छपराचा सेक्शन (उभा छेद दाखवणारं ड्रॉइंग) छापा, आमच्या इथल्या फॅब्रिकेटरला तरी दाखवता येईल.

– एक वाचक, चिंचवड