‘वरदान’ हा शब्द तेवढा मागे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘ब्लॅक सबाथ’ या ब्रिटिश रॉक बँडच्या पहिल्या अल्बमवर लेख होता. मराठी पेपरात हे नाव दिसलं म्हणून आधी खूश झालो, पण ‘अपघात ठरला वरदान’ या शीर्षकापाशीच अडखळलो. मी ३१ वर्षं पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून-कापून आकार देणाऱ्या यंत्रावर, काम केलंय. त्या यंत्रासंबंधात ‘वरदान’ हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

लेखक म्हणतात, बँडचा गिटारवादक टोनी आयोमीच्या बोटांची टोकं कारखान्यात प्रेसखाली गेली, म्हणून त्याने तारा सैल केल्या, म्हणून आवाज जड झाला आणि हेवी मेटल हा रॉकचा जड आवाजाचा प्रकार जन्माला आला. गोष्ट म्हणून छान आहे. पण १३ फेब्रुवारी १९७० ला आलेल्या या पहिल्या अल्बमात तारा नेहमीच्याच सुरात आहेत. सैल केलेल्या तारा ऐकू येतात त्या १९७१ च्या तिसऱ्या अल्बमात. म्हणजे जड आवाज आधीच होता. तो कुठून आला, ते वेगळं शोधायला हवं.

आता अपघात. आयोमी तेव्हा १७ वर्षांचा होता आणि नोकरीचा तो शेवटचा दिवस होता. त्याचं काम वेल्डिंगचं. प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून याला त्याच्या जागी बसवलं. हे त्यानेच सांगितलेलं आहे, आणि ते वाचताना मला पुढचं वाचायची गरजच उरली नाही. बदलीवर बसवलेल्या पोराचा हात कसा जातो, ते मी पाहिलंय. आमच्याकडे एकाला असाच रात्रपाळीला बसवला होता, ‘दोन तास सांभाळ’ म्हणून. त्या प्रेसला गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारी जाळी, नव्हती. तो पोरगा पुढे गेटवर बसायचा आणि कुणी ओळखीचं दिसलं की हात खिशात घालायचा. त्याच्यावर कुणी लेख लिहिला नाही.

आयोमी डावखुरा, त्यामुळे गेली ती तारा दाबणाऱ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, बँजोच्या पातळ तारा गिटारवर चढवून पाहिल्या. टोपणाखाली तार जाणवत नाही, म्हणून जास्त जोर लावायची सवय केली. श्रेय द्यायचंच तर या खटाटोपाला द्या. प्रेसला कशाला देता?

शीर्षकगीताची भीती बोटांत नाही, सुरांत आहे. सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम, एवढंच. युरोपात या अंतराला ‘संगीतातला सैतान’ म्हणायचे. आपल्याकडे तोच तीव्र मध्यम यमनात किती शांतपणे बसलेला असतो! (मुलाने कॅसेट आणली तेव्हा मी आधी ‘बंद कर’ म्हणूनच ओरडलो होतो. हे नंतर कळलं.)

कारखान्याचा खडखडाट या संगीतात उतरला, असंही लेखात आहे. बँडमधल्यांनीही तसं म्हटलेलं आहे, पण माझ्या कानाला पटत नाही. प्रेसचा ठोका एकसारखा, मुर्दाड असतो. बिल वॉर्डचा ड्रम पुढेमागे डोलतो, जाझवाल्यांसारखा. तो प्रेससारखा वाजला असता तर मी दुसऱ्यांदा ऐकलाच नसता.

समीक्षकांबद्दलही थोडं. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत नियतकालिकात लेस्टर बँग्सने या अल्बमला क्रीम या बँडची वाईट नक्कल ठरवलं, त्यावरून लेखकाने त्याला मूर्खात काढलंय. पण रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं ते दहा मिनिटांचं ‘वॉर्निंग’ ऐका. गाणं मुळात दुसऱ्या बँडचं, आणि मधली गिटार संपता संपत नाही. तिथे मीही उठून पाणी पिऊन येतो. बँग्सचं तेवढं बरोबर होतं. त्याच्या हातून निसटली ती पहिली बाजू. बँडवरचा सैतानपूजेचा आरोप मात्र निव्वळ वेष्टणावरून झाला. आतल्या पानावरचा उलटा क्रॉस कंपनीने बँडला न विचारता छापला होता. शीर्षकगीतातला माणूस तर घाबरून देवाचा धावा करतो.

तरीही अल्बम ब्रिटनमध्ये ८व्या आणि अमेरिकेत २३व्या क्रमांकापर्यंत गेला. ‘एका दिवसात रेकॉर्ड केला’ याचं लेखकाला नवल वाटलं. मला नाही वाटलं. क्लबांतून वाजवून वाजवून गाणी हातात बसलेली होती. स्टुडिओत उभं राहून पुन्हा तेच वाजवायचं होतं. पाऊस आणि घंटेचा आवाज मागाहून जोडला. प्रेसची डाय, म्हणजे साचा, नीट सेट झालेली असली की माल पटापट निघतो, सेट करायला किती दिवस गेले ते कुणी विचारत नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर तारांचं १९७१ हे साल घाला. आणि शीर्षक बदलता येत नसेल, तर निदान आयोमी त्या दिवशी दुसऱ्याच्या जागी बसला होता, एवढी ओळ तरी त्यात येऊ द्या.

आपला,
एक निवृत्त प्रेस ऑपरेटर