गिऱ्ह्याची गोष्ट मराठीत कुणी लिहायची?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलं हल्ली इंग्रजीतल्या जादूच्या आणि राक्षसांच्या जाडजूड कादंबऱ्या वाचतात आणि आपल्या गोष्टी विसरतात, अशी खंत एका वाचकांनी गेल्या रविवारी आपल्या अंकात व्यक्त केली होती. मी ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यांची कळकळ मला पोचली, पण मुलांवर ठेवलेला दोष पटला नाही.

माझी नात दहा वर्षांची आहे, घोडबंदर रोडला राहते. मुलगा माझा चेंदणीचा कोळी, सून केरळातल्या त्रिशूरची. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे होते, तेव्हा नात रोशनी चोक्शी या लेखिकेचं पुस्तक घेऊन बसली होती. अरू शाह नावाच्या मुलीची ही पाच पुस्तकांची मालिका, पहिलं २०१८ साली आलं. माझं इंग्रजी वाचन सावकाश, म्हणून नातीनं मला तीन रात्री ती गोष्ट मराठीत सांगितली. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात बारा वर्षांची अरू शाळेतल्या मुलांपुढे थाप मारते आणि ती खरी करायला आई सांभाळत असलेल्या संग्रहालयातला शापित दिवा पेटवते. झोपलेला राक्षस जागा होतो, आई जागच्या जागी गोठते. मग कळतं, की पांडवांचे आत्मे या खेपेला मुलींच्या रूपानं जन्मले आहेत. वाट दाखवायला सोबत एक कबूतर. सांगताना नात पलंगावर उभी राहत होती.

लेखिकेची माहिती तिनं आईच्या मोबाइलवर शोधली. वडील गुजराती, आई फिलिपिनी, वाढली अमेरिकेत. नात मला म्हणाली, "आजी, ही माझ्यासारखीच आहे. मग माझी गोष्ट कुठली? तुझी की अम्मम्माची?" अम्मम्मा म्हणजे तिची केरळातली आजी.

त्यांच्या इमारतीच्या फाटकाशी सातविणीची झाडं आहेत. दिवाळीच्या सुमारास ती फुलतात आणि रात्री उग्र वास सुटतो, डोकं दुखतं म्हणून लोक तक्रार करतात. खिडकीत उभं राहून सुनेनं सांगितलं, की त्यांच्याकडे यक्षी, म्हणजे बाईच्या रूपातलं भूत, राहते ती याच झाडावर. रात्रीच्या वाटसरूकडे ती पानाला चुना मागते. माझी आजीसुद्धा आम्हांला सातविणीखाली बसू देत नसे. (याच झाडाच्या लाकडाच्या पूर्वी शाळेच्या पाट्या करत, म्हणून शास्त्रीय नावात 'स्कॉलारिस', म्हणजे शाळेचं, आहे. हे मी वर्गात दरवर्षी सांगायची.) मग मी नातीला आमच्या खाडीतल्या भुताची, गिऱ्ह्याची गोष्ट सांगितली.

खाडीत बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो. रात्री ओळखीच्या आवाजात होडीवाल्याला हाक मारतो आणि खोल पाण्यात नेतो. माझ्या आजीच्या सांगण्यात आमच्याच घरातल्या एका पूर्वजानं त्याची शेंडी कापून आणली होती. शेंडी घरात होती तोवर गिऱ्हा चाकर, रोज पहाटे जाळं भरलेलं. शेंडी लपवली होती भाताच्या कणगीत. शिमग्याच्या साफसफाईत नव्या सुनेला तांदळात केस सापडले, तिनं ते चुलीत टाकले आणि त्या दिवसापासून घरची मासळी आटली. आजी हे मांदेली साफ करता करता सांगायची. शेंडी कापण्याची जागा आली, की ओल्या हातानं माझी वेणी धरून ओढायची आणि म्हणायची, "पयले हाकंला ओ देवाची नाय!" त्या वेणीला दुसऱ्या दिवशी शाळेतही मासळीचा वास यायचा.

नातीनं लगेच विचारलं, गिऱ्हा खाडीतून वर आला आणि सातविणीवरची यक्षी त्याला भेटली तर दोघं कुठल्या भाषेत बोलतील? बराच विचार करून तिनंच ठरवलं, की आधी हिंदीत भांडतील आणि मग एकमेकांची भाषा शिकतील.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकाच्या दुकानात गेले. दहा वर्षांच्या मुलीला आठवडाभर पुरेल असं, गिऱ्हा, साती आसरा, येऊरचं जंगल, घोडबंदरचा किल्ला असलेलं मराठी पुस्तक मागितलं. पुढे आलं ते पंचतंत्र, अकबर-बिरबल आणि इंग्रजीवरून केलेली भाषांतरं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मी वर्गात मुलांच्या हातात दिलेला आहे, मराठी बालसाहित्याला मी कमी लेखत नाही. पण मला हवं होतं ते मिळालं नाही. मग मुलांनी वाचायचं काय?

अरू शाहची मालिका ज्या प्रकाशनमालेत निघाली, ती रिक रायर्डन या लेखकाच्या नावानं चालते. तेही पूर्वी शाळेत शिक्षक होते. ग्रीक देवतांवरच्या त्यांच्या कादंबऱ्यांची सुरुवात झाली ती मुलाला झोपताना सांगितलेल्या गोष्टींतून. पुढे वाचक इतर संस्कृतींच्या कथा मागू लागले, तेव्हा त्यांनी त्या स्वतः लिहिल्या नाहीत. ज्यांच्या घरच्या त्या कथा, त्या लेखकांना पुढे केलं, आणि त्या मालेतलं पहिलं पुस्तक अरू शाहचं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. वारल्यांच्या कणसरीची, धान्याच्या देवीची गोष्ट मी लिहू नये, येऊरच्या पाड्यावरच्या मुलीनं लिहावी आणि तिचं नाव पुस्तकावर यावं. ठाण्यात १८७९ सालचं ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे. माझ्या वर्गातली बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, मैत्रीण मलिद्याचे (त्यांच्या नैवेद्याचे) गोड पोहे डब्यातून आणायची आणि त्यांचा प्रेषित एलियाहू हनाबी रथातून अलिबागजवळ कसा आला, खडकावर खूण कशी उमटली, ते सांगायची. ती गोष्ट तिच्या घरातल्या कुणी लिहिली तर माझी नात एका बैठकीत वाचून काढील.

आमच्या कोकणातली ही भुतं पांढऱ्यावर काळी झालेली आहेत, पण कुठे, ते ऐका. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या, त्यानं गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती लिहून मागवली होती. त्याच्यामागे एन्थोवेन या अधिकाऱ्यानं ती जुळवली आणि कोकणचा खंड १९१५ साली इंग्रजीत छापला. गिऱ्हा, मुंजा, चेडा, खवीस, सगळे त्यात आहेत. तळटिपांत मास्तरांच्या नावाऐवजी बहुतेक 'शाळामास्तर' आणि गाव एवढंच. कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना आमच्या ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, तो धडा शिकवताना दरवर्षी माझा कंठ दाटायचा. त्याच जॅक्सनच्या कागदांत माझ्या आजीचा गिऱ्हा इंग्रजीत बसलेला पाहिला तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. पुढे दुर्गाबाई भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचं डोंगराएवढं काम मराठीत केलं. ते मोठ्यांसाठी होतं. मुलांसाठी त्यातून कथा-कादंबऱ्या रचायचं काम आपण मागे ठेवलं.

सून सांगते, की केरळात कोट्टारत्तिल शंकुण्णी यांनी यक्षींच्या, मांत्रिकांच्या, दरोडेखोरांच्या दंतकथा आधी नियतकालिकांतून छापल्या आणि १९०९ पासून त्यांचे खंड निघाले. तिच्या आईनं त्या वाचल्या, तिनं वाचल्या.

म्हणून आपल्याला विनंती आहे. बालपुरवणीत आठवड्याला अर्धं पान या गोष्टींना द्या. ठाणे, नवी मुंबई, पालघर, रायगड इथल्या घराघरांतून त्या मागवा. सांगणाऱ्याचं नाव आणि गाव छापा. आगरी, कोळी, वारली बोलीतली वाक्यं शुद्धलेखनाच्या नावाखाली पुसू नका. आजीची गोष्ट जशीच्या तशी एकीकडे आणि तिच्यावरून नातवंडांनी रचलेली नवी गोष्ट शेजारी, असं झालं तर मला सर्वांत आवडेल. वर्षभरात प्रकाशकांना पुस्तकाजोगं साहित्य मिळेल आणि लिहू शकणारी मुलंही सापडतील.

गिऱ्ह्याची गोष्ट मी आजीच्या शब्दांत उतरवून ठेवली आहे, वहीची सहा पानं झाली. नातीची यक्षी अजून झाडावरून उतरायची आहे, ती नाताळच्या सुट्टीत पुरी करणार म्हणते. दोन्ही टपालानं पाठवू की ईमेलनं, एवढं कृपया कळवावं.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
चेंदणी कोळीवाडा, ठाणे (पूर्व)